दुसऱ्या डोळ्याचे पैसे

"नऊ नंबर आत्ता सोडून द्या," बँकेतले साहेब म्हणाले आणि त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. "तो शेवटी बघू. आधी सोपं सोपं भरून टाकू."

मावशी काचेच्या अलीकडे बसल्या होत्या. उजवा डोळा नवा, डावा जुना. नव्या डोळ्याला साहेबांच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं दिसत होतं. जुन्या डोळ्याला साहेब म्हणजे एक पांढरट ढीग. दोन्ही उघडे ठेवले की ढिगाला बटण लावल्यासारखं दिसे.

"नऊमध्ये काय आहे?"

"आहे एक प्रश्न." साहेबांना सर्दी झाली होती. दर ओळीनंतर ते नाक ओढत.


रकाना १. तक्रारदाराचे नाव व व्यवसाय

सगळं जग मावशी म्हणतं. नाव पासबुकावर होतं, ते साहेबांनी बघून उतरवलं. व्यवसायापाशी पेन अडलं.

"निवृत्त लिहू?"

"वॉर्डमावशी लिहा."

"पण आता कामावर नाही ना तुम्ही."

"निवृत्त हा काय व्यवसाय झाला, साहेब?"

साहेबांनी 'वॉर्डमावशी (निवृत्त)' असं दोघांचं समाधान होईल असं लिहिलं.

डोळ्यांचा वॉर्ड, दुसरा मजला, बावीस खाटा, चौतीस वर्षं. डोळ्यांचे पेशंट तसे धडधाकट असतात. जेवतात, भांडतात, घोरतात. फक्त पट्टी असेपर्यंत त्यांना दिसत नाही. म्हणून त्यांच्या वाटचं बघायचं काम मावशीचं. पत्र वाचून दाखवायचं, नखं कापायची, भेटायला आलेली सून खरंच रडतेय की नुसतं नाक पुसतेय ते हळूच कानात सांगायचं. आणि पैसे आणून द्यायचे.

पूर्वी पेशंट उशीखालून नोटा काढून देत. मग कार्डं आली, गेटाशी पैशांचं मशीन आलं आणि वॉर्डात एक रीत पडली. मावशींनीच ती हळूहळू पाडली. पेशंटनं कार्ड द्यायचं आणि कानात चार आकडे सांगायचे. ते कागदावर लिहायचे नाहीत. जिना उतरताना मनात म्हणत जायचे आणि काम झालं की जिना चढताना विसरायचे. एका पायरीवर एक, अशा पहिल्या चार पायऱ्यांवर चार आकडे टाकून द्यायचे, म्हणजे वर पोचेपर्यंत डोकं रिकामं. पैसे आणि पावती सेफ्टी पिनेनं एकत्र टोचायची. ती पावती आणणारीनं वाचायची नाही. ज्याची पट्टी निघाली आहे अशा शेजारच्या पेशंटनं ती मोठ्यानं वाचायची. इतके काढले, इतके उरले. बावीस खाटा साक्षीला.

इतक्या वर्षांत एका पैशाचा फरक पडला नव्हता. "आकडे विसरता कसे हो तुम्ही?" असं कुणी विचारलं की मावशी म्हणायच्या, "लक्षात ठेवायला शाळा लागते, विसरायला नियत लागते."

निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मनगटावरच्या दोऱ्यात ओवलेला सेफ्टी पिनांचा जुडगा सोडवला आणि धाकटीच्या हातावर ठेवला. धाकटी म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत नवी बाई. तिशी उलटलेली, उंच, चालताना चपलेचा आवाज न करणारी. "मांजरीसारखी येतेस, पेशंट दचकतात," म्हणून मावशींनी पहिल्याच आठवड्यात तिला झापलं होतं. तेव्हापासून धाकटी दारातून आत येताना गुणगुणत यायची.


रकाना ४. कार्डाचा प्रकार

"डेबिट," साहेबांनी विचारायच्या आतच मावशी म्हणाल्या.

"फरक माहीत आहे तुम्हाला?"

"मला विमेवाल्या बाईंनी शिकवलाय."

विमेवाल्या बाई म्हणजे मावशींच्या शेजारच्या खाटेवरची पेशंट. यंदा मावशी स्वतःच पेशंट म्हणून त्या वॉर्डात होत्या, मोतीबिंदूसाठी, खाट नंबर सतरा. विमेवाल्या बाई अठरावर. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनी डॉक्टरांना पॉलिसी विकायचा प्रयत्न केला, अशी त्यांची वॉर्डभर ख्याती होती.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दोघींना तेच थेंब आणायचे होते. मावशींना थोडे रोख पैसेही हवे होते. धाकटी गुणगुणत आली आणि तिनं दोघींची कार्डं घेतली. मावशींनी तिच्या कानात चार आकडे सांगितले. इतकी वर्षं त्यांनी लोकांचे ऐकले होते, स्वतःचे सांगायची ही पहिली खेप. सांगताना उगीचच लाजल्यासारखं झालं.

अर्ध्या तासानं धाकटी परत आली. थेंब गेटावरच्या औषधाच्या दुकानातून कार्डांवर घेतलेले, रोख मशीनमधून काढलेली, पावती पिनेनं टोचलेली. पावती तिनं न वाचता विमेवाल्या बाईंकडे दिली. बाईंची पट्टी सकाळीच निघाली होती. त्यांनी आधी ती खणखणीत आवाजात वाचली आणि मग त्या उठूनच बसल्या.

"अहो मावशी! एवढे पैसे डेबिट कार्डाच्या मागे उघडे टाकलेत?"

"दुसऱ्या डोळ्याचे आहेत."

"तिसऱ्या डोळ्याचे का असेनात! हे बघा, क्रेडिट कार्ड म्हणजे दुसऱ्याच्या छत्रीत उभं राहणं. वादळ आलं तर छत्री त्याची मोडते, मग धावतो तो, भांडतो तो. डेबिट म्हणजे आपलं उघडं डोकं. आधी भिजायचं आणि मग आभाळाविरुद्ध अर्ज करायचा."

"मला कोण देतंय छत्री? गेले होते मागायला. पेन्शनचा आकडा बघून परत पाठवलं."

"ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्यालाच छत्री देतात, बाई," धाकटी थेंबांच्या बाटलीचं झाकण फोडत म्हणाली.

"तू जास्त शहाणी आहेस. माझं कार्ड दे आधी."

"घ्या. आणि मला कसली पॉलिसी विकू नका. माझ्याकडे विमा उतरवण्यासारखं काहीच नाही."

बाई हसल्या, धाकटी हसली. मावशींना हसताना पट्टीखालचा डोळा दुखला, तरी त्या हसल्या.


रकाना २ व ३. पत्ता, दूरध्वनी

दोन खोल्या. एकीत मावशी, एकीत वन्सं. मावशींचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, वन्संचे त्याच्याही आधी गेले. ज्याच्यामुळे दोघींचं नातं होतं तो मधून निघून गेला, पण भाडं एकच होतं आणि भांडायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दोघी राहिल्या.

दूरध्वनी आहे. पण घरी आल्यावर आठवडाभर फोनकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वन्संनी फोन पत्र्याच्या डब्यात घालून डबा कपाटात ठेवला. मग तीन दिवस रोज एकदा डब्यातून 'टिंग' आलं.

"वन्सं, वाजतंय बघा."

"जाहिरात असेल गं, वहिनी. कर्ज घ्या, घर घ्या. आपल्याला काही घ्यायचं नाही."

ते खरंच होतं. घेत होतं दुसरंच कुणी.


रकाना ६. गेलेली रक्कम

मशीन एका दिवसात जास्तीत जास्त जेवढे देतं तेवढे, सलग तीन दिवस, दूरच्या एका शहरातून. चोर नियम पाळणारा होता. खात्यात एका चहापुरते राहिले होते.

रुग्णालय जुन्या कर्मचाऱ्यांना ऑपरेशनच्या खर्चात सवलत देतं, पण आयुष्यात एकदाच. म्हणजे एकाच डोळ्याला. "नोकरी मी एका डोळ्यानं केली होती का हो?" असं मावशींनी कॅशियरला विचारलं होतं. त्यानं नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. तेव्हा पुस्तकातलं काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या डोळ्याचे पैसे त्यांनी सहा वर्षं साठवले होते.


रकाना ७. प्रकार केव्हा व कसा लक्षात आला? (दोन ओळींत)

साहेबांनी दोन ओळींत बसवलं. बसलं नाही ते असं.

काल सकाळी मावशी डाव्या डोळ्याची तारीख घ्यायला रुग्णालयात गेल्या. कॅशियरनं त्यांचं कार्ड मशीनमध्ये घातलं, काढलं, पुसलं, परत घातलं.

"मावशी, शिल्लक नाही."

"नीट बघा. कालपरवाच वाचलीय. बावीस खाटांनी ऐकलीय."

त्यानं नीट बघितलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून कार्ड परत दिलं. नेहमी तो ते सरकवून द्यायचा. त्या दिवशी त्यानं ते हातात दिलं.

त्या बाहेरच्या बाकावर बसल्या नाहीत, घरी गेल्या नाहीत. पाय आपोआप जिन्याकडे वळले. चादरींच्या खोलीत धाकटी एकटीच घड्या घालत होती.

"मावशी! बघू डोळा. काय छान झालाय हो. मी दिसते का नीट?"

दिसत होती. तीन वर्षं रोज बघितलेली धाकटी नव्या डोळ्याला पहिल्यांदाच दिसत होती. हनुवटीवर बारीक व्रण. कानातली एक कडी वाकलेली. मनगटावर पिनांचा जुडगा.

"माझे पैसे गेले."

"कुठं गेले?"

"खात्यातून. सगळे."

"दुसऱ्या डोळ्याचे?" धाकटी चादरींच्या ढिगावरच बसली आणि लगेच उठली. "चला, आधी बँकेत जाऊ. मी मेट्रनना सांगून येते, दोन मिनिटं—"

आणि मावशींनी विचारलं. विचारायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. जिना चढताना मनात एकही शब्द नव्हता. तोंड उघडलं तेव्हा तो तिथं तयार होता.

"तू नाही ना काढलेस?"

धाकटीचा हात चादरीवर होता, तो तिथंच राहिला. ती भडकली असती तर बरं झालं असतं.

"विचारलंत तुम्ही," ती म्हणाली.

"अगं तसं नाही, पण आकडे तुलाच—"

"कधी काही झालं तर वॉर्डात पहिल्यांदा आपल्यालाच विचारतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. सगळे विचारतील हे ठाऊक होतं. तुम्ही विचारणार नाही, असं वाटलं होतं." मग तिनं उत्तरही दिलं. "नाही काढले."

आणि चादरीची राहिलेली घडी पूर्ण केली. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, मावशींनी शिकवली होती तशी.

जिना उतरताना मावशींच्या लक्षात आलं की धाकटी बँकेत यायला निघाली होती. ती आली नाही. मावशींनीही 'चल' म्हटलं नाही.

संध्याकाळी विमेवाल्या बाईंचा फोन आला.

"ऐकलंत का मावशी! माझ्या कार्डावर कुणीतरी सोन्याच्या बांगड्या घेत होतं. मी इथं डोळ्यात थेंब घालून पडलेय आणि तिकडे माझ्या नावानं बांगड्या! बँकेचाच फोन आला, बाई, तुम्हीच घेताय का? म्हटलं, नवऱ्यानं चाळीस वर्षांत घेतल्या नाहीत, मी कशाला घेतेय? पाच मिनिटांत कार्ड बंद. बिलातून रक्कम बाद. नवं कार्ड परवा घरपोच."

"तुमचं काहीच गेलं नाही?"

"माझं काय जाणार? पैसे बँकेचे. म्हणून तर बँक धावली. आता त्यांनी चौकशी लावलीय, कार्ड कुणाकुणाच्या हातात गेलं होतं म्हणून. मी सांगितलं, वॉर्डातली ती उंच बाई घेऊन खाली गेली होती."

"धाकटीचं सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

फोन ठेवल्यावर वन्संनी निकाल दिला. "दोन कार्डं, एक उंच बाई. आणखी काय हवं? वहिनी, तुला बाई माणसंच कळत नाहीत."

"पावती तिनं वाचली नव्हती, वन्सं."

"वाचायची गरज काय? त्या विमेवालीनं दवंडी पिटलीच की."

मावशींनी दोघींची ताटं घेतली. पण जेवल्या एकट्या वन्सं.


रकाना ८. सोबत जोडलेली कागदपत्रे

पासबुक. कार्ड. धाकटीनं आणलेली पावती. पावतीच्या कोपऱ्याला पिनेची दोन भोकं.

"ही भोकं कसली?" साहेबांनी विचारलं.

"ती आमची पद्धत आहे," मावशी म्हणाल्या.


रकाना ९. गुप्त क्रमांक अन्य कोणास सांगितला होता काय? होय / नाही

साहेबांनी पेन खाली ठेवलं. इकडेतिकडे बघितलं. पुढे झुकले तेव्हा बटण काचेला टेकलं.

"मावशी, नीट ऐका. इथं 'होय' लिहिलं तर पैसे विसरा. आकडे तुम्ही स्वतः सांगितलेत म्हणजे बँकेची जबाबदारी संपली. फॉर्म वर जायच्या आधीच बंद होतो."

"आणि 'नाही' लिहिलं तर?"

"तर चौकशी होईल. वेळ लागेल. पण मिळण्याची आशा आहे. म्हणून म्हटलं, हा शेवटी बघू." त्यांनी नाक ओढलं. "मी काही सांगत नाही. मी फक्त विचारतोय. सांगितले होते का कुणाला?"

मावशींनी वर बघितलं. काचेच्या पलीकडे भिंतीवर घड्याळ होतं. नव्या डोळ्याला सेकंदकाटा दिसत होता. किती वर्षांनी.

"चौकशी म्हणजे काय करतात, साहेब?"

"सगळं तपासतात. कार्ड आधी कुठं वापरलं, कुणी वापरलं. पैशांच्या मशीनवर कॅमेरा असतो. त्याचं चित्रण मागवतात."

"गेटापाशीच्या मशीनचं पण?"

"सगळ्याच मशीनचं."

"त्यात माझ्या कार्डानं पैसे काढताना दुसरीच बाई दिसली तर?"

साहेबांनी मावशींकडे बघितलं. तीस वर्षं काचेमागे बसलेला माणूस, त्यांना कळलं. "तर तिला विचारतील. तुम्ही लिहून दिलेलं असणार की आकडे मी कुणालाही सांगितले नाहीत. मग ते तिच्याकडे आले कुठून, असं विचारतील. आणि ते आम्ही विचारत नाही, पोलीस विचारतात."

"ती थोडेच पैसे काढायला गेली होती. मीच पाठवली होती. ते मला मिळालेत."

"हे कुठं लिहिणार? त्याला रकाना नाही."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. मावशींनी नवा डोळा मिटला. जुन्या डोळ्यापुढे काच, साहेब, घड्याळ, सगळं दूध सांडल्यासारखं एक झालं. हे असं किती दिवस चालेल, ते त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आधी हातातलं पुस्तक जातं, मग पायरीची कड, मग माणसांची तोंडं. वॉर्डात त्यांनी हे बावीस खाटांवर चौतीस वर्षं बघितलं होतं. एका डोळ्यावर माणूस जगतो. पण ओतताना पाणी पेल्याच्या बाहेर पडतं आणि रस्ता ओलांडताना दुसऱ्याचा हात लागतो.

त्यांनी डोळा उघडला.

"होय लिहा."

"मावशी—"

"सांगितले होते. माझ्या तोंडानं सांगितले. होय लिहा."


रकाना ९ (अ). 'होय' असल्यास कोणास? नाव व पत्ता

"इथं नाव लागेल," साहेब म्हणाले.

"लागेल म्हणजे?"

"लिहावं लागेल. रकाना आहे."

"विसरले."

"मागच्या आठवड्यातली गोष्ट, मावशी."

"वय झालं."

"मघाशी खातेक्रमांक तोंडपाठ सांगितलात."

"तो माझा आहे. दुसऱ्याचं मी लक्षात ठेवत नाही. तशी सवय आहे आमच्या कामात."

साहेबांनी 'आठवत नाही' असं लिहायला घेतलं. मावशींनी काचेवर बोट वाजवलं.

"तसं नको. विसरले, असं लिहा."

साहेबांनी खोडलं आणि तसं लिहिलं. मग फॉर्म काचेखालून सरकवला. सही मावशींनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे, मान न वाकवता केली.


केवळ कार्यालयीन उपयोगासाठी. या रेषेखाली लिहू नये.

अठरा दिवसांनी पत्र आलं. तक्रार बंद. कारण ग्राहकाने स्वतः मान्य केले आहे. वन्संनी पत्र दोनदा वाचून घेतलं, दोनदा कपाळावर हात मारला आणि घडी करून डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली घातलं. कपाट डुगडुगायचं थांबलं.

त्यानंतर महिन्याभरानं विमेवाल्या बाईंचा फोन.

"सापडलं हो! गेटावरच्या औषधाच्या दुकानातलं कार्डाचं मशीन. चोरांनी आत काहीतरी बसवलं होतं. तिथं जे कार्ड लागेल त्याची नक्कल व्हायची, दाबलेले आकडेसुद्धा जायचे. दुकानदाराला पत्ता नव्हता. अकरा जणांची कार्डं निघाली. माझ्या बँकेनं शोधून काढलं."

"म्हणजे धाकटी..."

"तिचा काही संबंध नाही. तसं कळवलंय त्यांनी रुग्णालयाला. झालं ना मोकळं सगळं? आता तुम्ही परत अर्ज टाका."

मावशी बँकेत गेल्या. साहेबांनी जुना फॉर्म काढून बराच वेळ बघितला. "होय लिहिलंय, मावशी. चोराला आकडे मशीनमधून मिळाले की माणसाकडून, ते आता या कागदाला कळत नाही. मी वर पाठवतो. पण तुम्ही वाट बघत बसू नका." त्यांनी नाक ओढलं. सर्दी केव्हाच बरी झाली होती.

तिथून मावशी रुग्णालयात गेल्या. काय बोलायचं ते या वेळी ठरवून गेल्या. जिना चढताना दोनदा मनात म्हणून बघितलं. चादरींच्या खोलीत पिशव्या अडकवायचे पाच खिळे होते. कडेचा खिळा रिकामा होता.

"ती कधीच गेली," तिथली दुसरी बाई म्हणाली. "त्या क्रेडिटवाल्यांचा फोन आला त्याच दिवशी मेट्रननी सांगितलं, चौकशी संपेपर्यंत किल्ल्या द्या. तिनं किल्ल्या दिल्या. चौकशी संपायची वाट काही बघितली नाही."

"आता निकाल लागलाय. तिचं काही नव्हतं."

"आम्हाला माहीतच होतं की ते."

'आम्हाला' मावशींनी ऐकलं.

"कुठं असते आता?"

"खोली सोडली तिनं. फोन बंद. थांबा, तुमच्यासाठी ठेवलंय काहीतरी." तिनं खणातून पिनांचा जुडगा काढला. दोरा तोच, मावशींच्या गाठीचा.

"काही म्हणाली का देताना?"

"नाही. 'त्यांच्या आहेत,' एवढंच."

मावशींनी जुडगा मुठीत घेतला आणि त्या वॉर्डातून बाहेर निघाल्या. दाराशी नवी पाटी होती. रुग्णांनी आपले कार्ड वा गुप्त क्रमांक कर्मचाऱ्यांना देऊ नये. अक्षरं मोठी आणि सुबक होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी असलेला एक म्हातारा दारालगतच्या खाटेवर बसला होता. पावलं ऐकून त्यानं मान वळवली.

"मावशी का?"

"हो," मावशी म्हणाल्या. सवयीनं.

"जरा पैसे आणून देता का खालून? लेक उद्या येणार, आज फळंबिळं..." त्यानं उशीखालून कार्ड काढलं आणि मावशी जवळ जाऊन 'थांबा' म्हणायच्या आत, पेशंट सांगतात तसे हलक्या आवाजात चार आकडे सांगून टाकले.

"काका, कार्ड आत ठेवा. आता तसं चालत नाही."

"का बरं?"

"पाटी लावलीय."

"मला कुठं दिसतेय पाटी?"

मावशींनी कार्ड त्याच्या उशीच्या अभ्र्यात घातलं, जुडग्यातली एक पिन काढून अभ्र्याचं तोंड टोचून बंद केलं आणि त्याचा हात धरून पिनेवर ठेवला. "इथं आहे. लेकीलाच द्या. दुसऱ्या कुणाला आकडे सांगू नका. मलासुद्धा नाही."

"तुम्हाला सांगितले ना आत्ता."

"मी विसरले."

त्या जिना उतरल्या. कठड्याला हात लावून, कारण डावीकडच्या पायरीची कड आता दिसत नव्हती. गेटापाशी पोचल्या तेव्हा त्यांना जाणवलं की चारही आकडे डोक्यात आहेत. ओळीनं, स्पष्ट. उतरताना ते असायचेच. विसरायचे ते चढताना. म्हणून त्या मागे वळल्या आणि जिना पुन्हा चढू लागल्या. पहिल्या पायरीवर पहिला. दुसरीवर दुसरा. तिसरीवर तिसरा. चौथीवर चौथा. मग उरलेल्या पायऱ्या, रिकाम्या, एक एक करत.

वर पोचून त्या दम घेत उभ्या राहिल्या. आत कुणाच्या तरी हातून भांडं पडलं. दारातून गुणगुणत कुणी आलं नाही.

चारही आकडे तसेच होते.